तिसावा लेख

तीस लेख तयार झाल्याशिवाय ब्लॉग उघडायचाच नाही, अशी सरांनी पहिल्याच दिवशी तंबी दिली होती. सर म्हणजे शाळेतले सर नव्हेत. फोनच्या पडद्यावर कॉलरला माइक लावून बसणारा, धाकट्याच्या निम्म्या वयाचा एक पोरगा. पण फी भरली की पोरालाही सर म्हणावं लागतं.

आणि धाकटा म्हणजे आपला हा. चाळिशी कधीच ओलांडलेली, कानांजवळचे केस पांढरे, तरी घरातलं शेंडेफळ म्हणून आईने आणि ताईने त्याला जन्मभर धाकटाच म्हटलं, आणि त्यांचं ऐकून शेजाऱ्यांनीही. आता आई नव्हती, ताई दुसऱ्या शहरात होती, शेजारी बदलून गेले होते. दिवसचे दिवस त्याला कोणी कुठल्याच नावाने हाक मारत नसे.

धंदा सरांनी समजावला तो असा. एखाद्या वस्तूबद्दल लिहायचं. चांगलं काय, वाईट काय, कोणी घ्यावी, कोणी घेऊ नये. खाली दुकानाची लिंक द्यायची. वाचणाऱ्याने त्या लिंकवरून जाऊन वस्तू घेतली, की दुकानवाला लिहिणाऱ्याला थोडं कमिशन देतो. घेणाऱ्याचं काही जात नाही, लिहिणाऱ्याला बसल्या जागी मिळतं. फक्त नव्या ब्लॉगवर माल भरलेला दिसला पाहिजे. दोन-चार लेख टाकून बसलात तर कुत्रंही फिरकणार नाही.

“पण सर, किती म्हणजे पुरे?” वर्गातल्या कोणीतरी विचारलं.

“तीस. निदान तीस. त्यानंतर लिहीतच राहायचं.”

“आणि लोक कधी यायला लागतात?”

“पी हळद आणि हो गोरी असं या धंद्यात नसतं,” सर म्हणाले, आणि पुढच्या कोर्सची फी सांगून मोकळे झाले.

धाकट्याला पैशाची हाव नव्हती. त्याला हवी होती एक विक्री. एकच. कारण दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, तशी अट घातली होती. आई आजारी पडली तेव्हा धाकट्याने नोकरी सोडली होती, आणि तेव्हापासून घराचं भाडं दाजीच भरत होते. आई गेल्यावरही, कोणी काही बोलायच्या आधीच, त्यांनी वर्षभराचं भाडं भरून टाकलं होतं. आता वर्ष संपत आलं होतं.

“हे बघ,” ते फोनवर म्हणाले होते, “वर्ष संपायच्या आत त्या ब्लॉगवरून एक वस्तू विकून दाखव. सुई विकलीस तरी चालेल. म्हणजे मला कळेल की यात काही राम आहे, मग मी आणखी एक वर्ष थांबतो. नाहीतर मुकाट्याने इकडे ये. गोदामात विश्वासाचा माणूस हवाच आहे, आणि हॉलमध्ये दिवाण रिकामा आहे.”

दाजी वाईट असते तर बरं झालं असतं. वाईट माणसाशी भांडता येतं. या माणसाने सहा वर्षं सासूच्या औषधांची बिलं भरली होती आणि एकदाही ते बोलून दाखवलं नव्हतं. अशा माणसाला काय सांगणार, की मला हे घर सोडायचं नाही, आणि कारण विचारू नका?

कारण होतं आईच्या खोलीत. तिथे पलंगावर हवेची गादी होती आणि पलंगाच्या पायथ्याशी तिचा पंप टांगलेला होता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ सोलवटू नये म्हणून ही गादी असते. तिचे आडवे कप्पे पाळीपाळीने फुगतात आणि बसतात, त्यामुळे अंगाचा भार एकाच जागी राहत नाही. पंप रात्रंदिवस चालतो. त्याचा आवाज मोठा नसतो, पण थांबतही नाही. सहा वर्षं धाकटा भिंतीपलीकडे त्या आवाजाच्या सोबतीने झोपला. आई गेली त्या दिवशी माणसं होती, बोलणं होतं, चहा होता. सगळे गेल्यावर त्याने पंप बंद केला, आणि घर इतकं गप्प झालं की त्याला स्वतःचा घोट गिळल्याचा आवाज आला. त्याने पंप पुन्हा लावला. आजचा दिवस फक्त, असं स्वतःला सांगून.

त्याला वर्ष होत आलं. रिकामी गादी फुगत होती, बसत होती. लोक ऐकतील तर म्हणतील डोकं फिरलंय, म्हणून त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. ताईलाही नाही. विजेचं बिल तेवढं येत होतं आणि तो ते निमूट भरत होता.

तर लेख. सरांनी विषयांची यादी पाठवली होती, ज्या वस्तूंवर कमिशन बरं मिळतं त्यांची. धाकट्याने ती वरून खाली घ्यायला सुरुवात केली. डोंगरात मुक्काम करायचे तंबू. धावायचे बूट. उडत्या कॅमेऱ्याचे ड्रोन. कॉफीचं यंत्र. ज्या गड्याने सहा वर्षांत औषधाच्या दुकानापलीकडे पाऊल टाकलं नव्हतं, तो लोकांना सांगत होता की ओल्या उतारावर कोणत्या तळव्याचा बूट घसरत नाही. उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच. दहा जणांचं वाचायचं, अकरावं आपण लिहायचं. त्या दहा जणांनीही दुसऱ्या दहा जणांचंच वाचलेलं असणार. जगातला पहिला तंबू कोणी लावून बघितला होता की नाही, देव जाणे.

वीस लेख झाल्यावर त्याला धीर निघेना. त्याने ब्लॉग उघडून टाकला. दर सकाळी चहाचा कप घेऊन तो आकडे बघायला बसे. भेटी शून्य. एके दिवशी एक आला. धाकटा उठून उभाच राहिला. मग लक्षात आलं, आदल्या दिवशी त्याने स्वतःच दुसऱ्या फोनवरून आपला ब्लॉग उघडून पाहिला होता.

“तीस झाले का?” सरांनी विचारलं. “नाही ना? मग?”

एकोणतीस झाले, आणि यादी संपली. तिसाव्याला विषय सुचेना. तीन दिवस तो कोऱ्या पडद्यासमोर बसून उठत होता.

चौथ्या दिवशी दुपारी वीज गेली. फ्रिज थांबला, पंखा थांबला आणि पंप थांबला. धाकटा खुर्चीतून उठला तो सरळ आईच्या खोलीत गेला आणि नळ्या काढून त्यांच्या तोंडांना टोपणं लावली. मगच त्याच्या लक्षात आलं की घाई करण्यासारखं तिथे कोणी नाही. टोपणं लावली की हवा तीन-चार तास धरून राहते, हे त्याला एका भयंकर संध्याकाळनंतर कळलं होतं. तेव्हा गादी बसत गेली होती, आई खालच्या फळीवर टेकली होती आणि तो दोन उशा घेऊन वेड्यासारखा धावत होता. दुकानवाल्याने टोपणांबद्दल सांगितलं नव्हतं. कोणीच सांगितलं नव्हतं. ती खोक्याच्या तळाशी एका पुडीत पडलेली होती.

वीज आली तसा तो लिहायला बसला. त्याने काहीही शोधलं नाही, कोणाचंही वाचलं नाही. टोपणं कुठे असतात ते लिहिलं. चादर ताणून खोचू नका, लिहिलं, कारण आपल्याला वाटतं बिछाना नीटनेटका दिसावा, पण ताणलेली चादर सगळ्या कप्प्यांना एकत्र दाबून धरते आणि गादी असून नसल्यासारखी होते. पंप पलंगाच्या दांडीला नुसता टांगू नका, मध्ये नॅपकिनची घडी ठेवा, म्हणजे पलंग थरथरत नाही. पंपावर वजनाचं बटण असतं, ते माणसाच्या वजनाप्रमाणे लावायचं असतं. ते एकदा लावून विसरू नका, लिहिलं, कारण माणसाचं वजन उतरत जातं. मी दर दोन-तीन महिन्यांनी बटण थोडं डावीकडे फिरवत गेलो. शेवटी ते अशा जागी होतं जिथे लहान मुलांचं वजन लिहिलेलं असतं.

 मग त्याने खाली लिंक चिकटवली आणि लेख टाकून दिला.

संध्याकाळी ताईचा फोन. ती भावाचा प्रत्येक लेख वाचायची, ड्रोनचासुद्धा. 

“बटणाचं तू मला कधी सांगितलं नाहीस रे,” ती म्हणाली.

“त्यात काय सांगायचं?”

“मी दर रविवारी विचारायचे, आई कशी आहे. तू म्हणायचास, छान आहे. मला खरंच वाटायचं, छान आहे.” तिने नाक ओढलं. “आणि इतके दिवस तंबूबिंबू काय लिहीत होतास मेल्या? काखेत कळसा आणि गावाला वळसा.”

तिने तो लेख तिच्या शाळेतल्या मैत्रिणींना पाठवला. त्या याच शहरातल्या. त्यांनी आणखी कोणाकोणाला पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता धाकट्याने आकडे उघडले आणि चहा तसाच राहिला. लोक आले होते. खरेखुरे. आणि एक निरोपही आला होता.

“नमस्कार. मी बेकरीत कामाला आहे. तुमचा लेख मैत्रिणीने पाठवला. माझे बाबा दोन महिने अंथरुणावर आहेत. पाठीला जखम झाली आहे, रात्रभर कण्हतात. तुम्ही सांगता ती गादी मी घेणार आहे, तुमच्या लिंकवरूनच घेते. पण दोन गोष्टी विचारायच्या होत्या. आवाजाबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही. पंपाच्या आवाजात झोप लागते का? मला पहाटे भट्टीवर जावं लागतं. आणि दुकानवाला म्हणतो गादी पोचायला दहा दिवस लागतील. डॉक्टरांच्या बोलण्यावरून बाबा फार दिवस काढतील असं वाटत नाही. तरी घेऊ का?” आणि खाली, कोणी पत्ता विचारला नसतानाही, लिहिलं होतं, “आम्ही पुलाच्या पलीकडे राहतो, पाण्याच्या टाकीजवळ.”

धाकट्याने तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला. समोर विक्री होती. सुई नव्हे, चांगली मोठी वस्तू. वर्ष संपायला आठवडा होता. त्याने सरांना कळवलं. उत्तर लगेच आलं.

“अहो, वाट कसली बघताय? लक्ष्मी टिळा लावायला आली असताना तोंड धुवायला जायचं नसतं! लिहा, आवाज अजिबात येत नाही. दहा दिवस पटकन जातात म्हणावं. आणि लिंक द्या, महागड्या गादीची!”

धाकट्याने लिहिलं, “आवाज अजिबात येत नाही. जरूर घ्या.” खाली लिंक लावली. अंगठा पाठवायच्या बटणावर नेला. शेजारच्या खोलीत पंप चालला होता. त्याला वाटलं, एवढं खोटं निदान त्याच्या देखत तरी नको. त्याने सगळं पुसलं आणि नव्याने लिहिलं.

“आवाज येतो. सारखा येतो. पहिले काही दिवस चीड येते, मग सवय होते. मग तो ऐकू आला नाही तर दचकायला होतं. मी आवाजाबद्दल लिहिलं नाही कारण मला त्याबद्दल खरं लिहिता येईना. माझी आई जाऊन वर्ष होत आलं आणि आमचा पंप अजून चालू आहे. बंद केला की घरात मी एकटाच उरतो. तुम्ही नवी गादी घेऊ नका. दहा दिवसांनी येणारी गादी तुमच्या काही कामाची नाही. आमची चांगली आहे. उद्या येऊन घेऊन जा.”

लिहून झाल्यावर त्याने वाचलं नाही. वाचलं असतं तर पाठवलं नसतं.

मग त्याने ताईला फोन लावला. “दाजींना सांग, विक्री होणार नाही. वर्ष संपलं की मी येतो तिकडे.”

“अरे, पण ती बेकरीवाली घेणार होती ना? मला मैत्रीण म्हणाली.”

“तिला मी आपलीच देतोय.”

“आपली कुठली?”

“आईची.”

“ती आहे अजून? मला वाटलं तू कधीच कोणाला तरी...” ताई बोलता बोलता थांबली. “कपाटावर ठेवली होतीस का?”

“नाही. पलंगावरच आहे. चालू आहे.”

  ताई अगदी हळू म्हणाली, “तुझ्यासाठी हॉलमधला दिवाण नको. आतली खोली रिकामी करते.”

दुसऱ्या दिवशी दुपारी बेकरीवाली आली. तिचा आतेभाऊ टेम्पो घेऊन खाली थांबला होता. पन्नाशीची बाई, मनगटापर्यंत पीठ, कामावरून थेट आलेली. दारातच चपला काढताना तिने कान टवकारले.

“हाच का तो आवाज?”

“हाच.”

“हात्तिच्या! आमची भट्टी याच्या दसपट बोंबलते.” मग तिला आपण काय बोललो ते उमगलं असावं. “म्हणजे, चांगला आहे,” ती म्हणाली. “सोबतीसारखा आहे.”

त्याने तिला सगळं दाखवलं. टोपणं, चादर, नॅपकिनची घडी. ती शहाण्या माणसासारखे प्रश्न विचारत होती आणि तो उत्तरं देत होता. आपण इतकं सलग कधी बोललो होतो ते त्याला आठवेना. गळा कोरडा पडला तेव्हा तो मध्येच जाऊन पाणी पिऊन आला.

“आता एकच राहिलं,” तो म्हणाला. “हवा बरोबर भरली आहे की नाही, ते हाताने बघायचं. माणूस झोपलेला असताना गादीच्या खालून हात घालायचा, कमरेच्या खाली. त्याचं हाड आपल्या हाताला लागलं, तर हवा कमी आहे. हे रोज करायचं. रोज म्हणजे रोज.”

“करून दाखवा ना.”

“त्यासाठी कोणीतरी झोपायला हवं. तुम्ही झोपता का?”

ती हसली. “मी पहाटेपासून उभी आहे हो. आडवी झाले तर उठायची नाही, तुम्हाला मलाच गुंडाळून टेम्पोत टाकावं लागेल. आणि शिकायचं माझ्या हाताला आहे. तुम्ही झोपा.”

बोलणं खरं होतं. धाकट्याने बटण आपल्या वजनावर आणलं. कप्पे भरेपर्यंत दोघंही उगीच पंपाकडे बघत उभी राहिली. मग तो पलंगावर चढला आणि आडवा झाला.

सहा वर्षं त्याने या गादीची सेवा केली होती, वर्षभर राखण केली होती, पण तिच्यावर तो कधी झोपला नव्हता. गादी त्याला किंचित उचलत होती आणि खाली घेत होती. त्याने मान वळवली. दारातून सरळ स्वयंपाकघर दिसत होतं, ओटा दिसत होता, आणि ओट्यासमोर उभं राहायची त्याची जागा दिसत होती. तिथे उभं राहून तो खिमट शिजवायचा, भांडी घासायचा, पाठमोरा. त्याला वाटायचं, आई नुसती छताकडे बघत पडलेली असते. पण ती त्याच्याकडेच बघत असणार. एकदा तरी मागे वळून हसलो असतो तर काय बिघडलं असतं, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याने डोळे मिटून घेतले.

“इथून घालू का हात?” बेकरीवालीने विचारलं.

“हो. तळवा वर. सरकवत आत आणा.”

ती गुडघ्यांवर बसली. गादीच्या कडेची सळसळ त्याला ऐकू आली, तिच्या बाहीचं घासणं ऐकू आलं, पिठाचा आणि यीस्टचा वास आला. तिचा हात आत, त्याच्या कमरेच्या बरोबर खाली आला असणार.

“लागलं का माझं हाड?” त्याने विचारलं.

“नाही बाई. तुम्हाला माझा हात लागतोय?”

“नाही.”

“मग चुकलं का काही?”

“नाही, बरोबर आहे. असंच पाहिजे. दोघांनाही काही लागायला नको.”

“मग आलं की मला,” ती म्हणाली आणि तिने हात काढून घेतला.

आई गेल्यापासून त्याला कोणाचा हात लागला नव्हता. दुकानदार सुटे पैसे काउंटरवर ठेवत, डॉक्टरकडे जायचं कारण उरलं नव्हतं. आजही लागला नव्हता. पण एक हात त्याच्या खाली येऊन गेला होता, त्याचा भार नीट पेलला जातोय की नाही ते बघायला, आणि एवढ्यानेच त्याच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळायला लागलं. ते पुसायचं तर हात उचलावा लागला असता, आणि मग तिला दिसलं असतं. तो तसाच पडून राहिला.

“परत एकदा करून बघा,” तो म्हणाला. “सवय होते.”

बेकरीवालीने त्याच्याकडे पाहिलं. ती पुन्हा खाली वाकली आणि तिने हात गादीखाली घातला, सरकवत आत आणला आणि तिथेच ठेवला. खाली आतेभावाने हॉर्न वाजवला. थोड्या वेळाने आणखी एकदा वाजवला.

“थांब रे जरा,” ती खिडकीकडे तोंड करून ओरडली, “बघतेय अजून.”